सरळ गाजरं

वाफ्यातल्या प्रत्येक गाजराभोवती मातीची बोटभर रुंद कडी होती, बाकीच्या मातीपेक्षा किंचित गडद आणि भुसभुशीत. नीट पाहणाऱ्याच्याच ती लक्षात आली असती. पण घरात नीट पाहणारी एक सूनच होती, आणि त्या कड्या तिनेच काल दुपारी केल्या होत्या. लाकडी खुंटीने बावीस भोकं पाडून तिने बाजारातून आणलेली पाल्यासकट बावीस गाजरं त्यांत बसवली होती.

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तिची सतरा वर्षं गेली होती. गाजराचं बी उगवायला दोन आठवडे घेतं आणि तेवढे दिवस वरची माती सुकू द्यायची नसते, हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. साडेतीन महिन्यांपूर्वी सासूबाईंनी चाचपडत बी पेरलं, वर चाळलेली माती भुरभुरवली आणि म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळ नुसतं शिंपडायचं हं. माझे गुडघे आता रोज वाफ्यापर्यंत येत नाहीत."

पहिले सहा दिवस तिने शिंपडलं. मग दुसऱ्या शहरातल्या मोठ्या जागेसाठी मुलाखत आली आणि चार दिवस वाफ्याकडे कोणी फिरकलं नाही. ती परतली तेव्हा मातीवर पापुद्रा धरला होता. पुडीतलं उरलेलं बी तिने प्रयोगशाळेत ओल्या कागदावर लावून पाहिलं. शंभरातलं शहाऐंशी उगवलं. म्हणजे बियाण्याला बोल लावायचीही सोय उरली नाही.

"उगवली का गं?" सासूबाईंनी मागच्या पायरीवरून विचारलं होतं.

"हो, आई."

एकदा हो म्हटल्यावर विरळणी केली का, भर दिली का, सगळ्यालाच हो म्हणावं लागलं. वाफ्यात तण माजलं ते तिने मुद्दाम उपटलं नाही. सासूबाईंच्या अधू डोळ्यांना पायरीवरून हिरवं दिसलं की पुरे होतं. त्या समाधानाने म्हणायच्या, "गाजराची पुंगी आहे बाई. वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाऊ." आणि तिला मान वर करवत नसे.

ती जागा तिला मिळाली होती. तिकडे राहायला दोनच खोल्या होत्या. नवरा म्हणाला होता, "आईही येईल, करू अ‍ॅडजस्ट." तिने नको म्हटलं होतं. हे घर बंद करायचं आणि आईंनी वन्संकडे राहायचं, तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं, मग म्हणाला, "मग सांग तूच." "गाजरं निघू देत, सांगते," असं ती म्हणाली होती. त्याला तीन महिने झाले. परवा सासूबाईंनीच ठरवलं, रविवारी गाजरं काढायची. जाण्याआधी निदान एक पीक तरी त्यांच्या हाती लागावं, असं मनाला समजावत ती बाजारात गेली होती.

आता सासूबाई वाफ्याशेजारी ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसल्या. हात चाचपत पाल्यापर्यंत नेला आणि ओढला. गाजर इतक्या सहज वर आलं की त्यांचा तोल मागे गेला. तिने पाठीला हात लावला.

"अगंबाई, हे तर वाटच बघत होतं."

त्यांनी अंगठा गाजरावरून वरून खाली फिरवला. मग पुन्हा, सावकाश. बारीक मुळांचा एकही केस हाताला लागला नाही. शेंडा थोडा मऊ पडला होता. त्यांनी दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. तिन्ही मांडीवर ओळीने ठेवली.

"सगळी सरळ आहेत गं."

तिने चौथ्या गाजराभोवतीची भुसभुशीत माती बोटांनी दाबली.

"या मातीत चार बोटं खाली गोटेच गोटे. चाळीस वर्षांत इथे सरळ गाजर आलेलं नाही, दोन पायांची नाही तर तीन पायांची. तुझे सासरे म्हणायचे, घरात माणसं वाकडी, गाजरं तरी सरळ कशाला येतील." त्या थोडं हसल्या. मग एक गाजर पदराला पुसून त्यांनी कडकन मोडलं आणि चावलं. "गोड आहे. केव्हा रोवलीस?"

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "काल दुपारी."

"मी झोपले होते तेव्हा."

"हो."

"बी उगवलंच नव्हतं?"

"मी चार दिवस पाणी घातलं नाही."

"मग सांगायचं. दुसरं टाकलं असतं, बी काय सोन्याचं असतं?" सासूबाईंनी उरलेला तुकडा तिच्या हातात दिला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मूठभर गाजरांसाठी कोणी तीन महिने खोटं बोलत नाही. खाली बस. दुसरं काय आहे?"

ती मातीत बसली. नखांत कालची माती अजून होती. नवऱ्याला हाक मारावी, असं एकदा मनात आलं. तो आत पेपर वाचत होता, आला असता. आणि मुलगा म्हणून सगळं स्वतःच्या अंगावरही घेतलं असतं.

"आई," ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात आम्ही हे घर बंद करून जातोय. तुम्ही वन्संकडे राहायचं. हे तुम्हाला बरोबर न्यायला तयार होते. नको मी म्हटलं."