अळूच्या वाफ्यात उतरलेलं शिसं

दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या मराठी सोसायटीत रंगीत टीव्ही आले, वॉशिंग मशिनं आली, पण लाइट काही टिकेना. मग घरोघर इन्व्हर्टर आले. सेक्रेटरी हरिदासरावांनी सर्वांत आधी घेतला. सून सुनयना गरोदर होती. तिला उकाडा सोसवत नसे.

सोसायटीमागे इंदुमतीबाईंचा वाफा होता. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्या निवृत्त झालेल्या. घरांच्या मोऱ्यांचं पाणी खडीच्या उथळ हौदातून झिरपे. खडीत अळू लावलेला. सांडपाण्यातलं खत अळू शोषून घेई आणि निवळलेलं पाणी बागेला जाई. पानं तपासून घेतलेली, निर्धोक होती. सुनयनाला त्याचं फदफदं फार आवडायचं.

"मोरीत साबणाचं, भांड्यांचं पाणी चालेल," बाई सगळ्यांना बजावत. "दुसरं काही नको."

उन्हाळ्यात हरिदासरावांच्या इन्व्हर्टरची बॅटरी बिघडली. मेकॅनिकनं ती उघडली; आत आम्ल आणि शिशाचा गाळ होता. "अंकल, ये तेज़ाब और कीचड़ कहाँ फेंकूँ?"

"बाथरूम में बहा दो."

"बाबा, इंदुमतीकाकू नको म्हणाल्यात ना?" सुनयना म्हणाली.

"अगं, एवढ्याशानं काय होतंय!"

सेक्रेटरींचं पाहून इतरांनीही तेच केलं. अळू मात्र हिरवागार दिसत होता. घरोघर शिजत होता.

पावसाळा संपता संपता बाईंनी पुन्हा पानं तपासून घेतली. शिसं निघालं! आणि त्याच आठवड्यात सुनयनाचं मूल पोटातच गेलं.

इस्पितळाच्या व्हरांड्यात हरिदासरावांनी बाईंना गाठलं. "अळू पाणी शुद्ध करतो ना? मग घाण तिथंच का नाही राहिली?"

"झाड जादू करत नाही, हरिदासराव. पाण्यातलं खत मुळांनी ओढतं, त्याचं पान करतं. त्याच पाण्यात शिसं असेल तर तेही आत शिरतं. झाडाला नाही म्हणता येत नाही. आपल्याला येत होतं."

"म्हणजे बाळ त्यानंच..."

"डॉक्टर तसं ठामपणे सांगत नाहीत. पण तसं नाही, असंही सांगत नाहीत."

सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक बाईंवर तुटून पडले. "गटारावर भाजी लावलीच कशाला?"

हरिदासराव उभे राहिले. "थांबा! दोष वाफ्याचा नाही. पहिली बॅटरी माझ्या मोरीत रिकामी झाली! सून अडवत होती, मी ऐकलं नाही."

कित्येकांच्या माना खाली गेल्या.

अळू उपटला, खडी काढून नेली. आता तिथे कर्दळ आहे; ती कोणी खात नाही. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराकडे परत जातात, आणि हरिदासराव स्वतः घरोघर जाऊन त्याची खात्री करतात. सुनयना त्यांच्याशी बोलते, पण कामापुरतंच.

मित्रहो, मोरीत ओतलेलं नाहीसं होत नाही. ते पाण्यात जातं, मुळांत जातं, पानांत जातं आणि एक दिवस आपल्याच माणसाच्या ताटात येतं. ओतण्याआधी हात थांबवा. नंतर पश्चात्तापानं काही परत मिळत नाही!