उलट्या आट्यांचा व्हॉल्व

"सूनबाई, जुन्या विहिरीचा व्हॉल्व उलट्या आट्यांचा आहे. आवळायला जाल तर उघडेल. माझ्यामागे कुणी चुकलं, तर घरातलं माणूस म्हणून पांघरूण घालायचं नाही. आधी गल्लीला सांगायचं."

पाण्याच्या टाकीवर जन्म घालवलेले मामंजी शेवटच्या आजारात हे बोलले, आणि मी देवापुढच्या दिव्यावर हात धरून हो म्हटलं. वरच्या अंगाच्या त्या विहिरीशेजारी रंगाच्या कारखान्याने विषारी गाळाची पिंपं पुरली होती. ती गंजली, फुटली, विहीर नासली. सासूबाई त्याच पाण्याने गेल्या. पुढे नदीचं पाणी आलं, पण विहिरीचा पाइप टाकीला जोडलेलाच राहिला. मध्ये फक्त तो व्हॉल्व.

नळाचं पहिलं पाणी देवाला, हा माझा रोजचा नेम. आज तांब्या भरून देव्हाऱ्याशी आले आणि थबकले. पाण्याला ओल्या रंगासारखा उग्र वास येत होता.

भावोजी जेवायला बसले होते. टाकीवर मामंजींच्या जागी आता तेच कामाला असतात.

"भावोजी, पाण्याला वास येतोय."

"देवाने तक्रार केली का?" ते हसले. "का वहिनी, तुमचंच नाक देवाहून तिखट?"

"जुन्या व्हॉल्वला हात लावलात?"

"लावला तर! गळत होता. चांगला दम लावून आवळला. शाबासकी द्या."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. सगळं जग आवळतं तसंच..." त्यांचा घास हातातच राहिला. "आप्पा म्हणायचे ते... मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बरळतायत."

आमचं घर टाकीला लागून, म्हणून पाणी आधी आम्हाला. गल्लीत आता पोचतच असेल.

भावोजी उष्ट्या हाताने उठले. "आत्ता बंद करतो. पण वहिनी, कुठे बोलू नका हं. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. हे कळलं तर घरीच बसवतील."

"आणि नळांत उतरलेलं पाणी?"

"लोक गाळून पितात."

"सासूबाईही गाळूनच प्यायच्या, भावोजी."

ते मान खाली घालून टाकीकडे पळाले.

मी तांब्या मोरीत ओतला. देवाला म्हटलं, आज तुम्ही तहानलेले राहा.

शेजारी बाळंतिणीच्या घरात रिकाम्या बादलीत धार पडू लागली होती. मोठ्याने हाक मारायची मला सवय नाही. पायांत चपला सरकवल्या आणि भराभर तिच्या दाराकडे निघाले.