टोपल्यावरचा हात

चतुराबाईनं भाकरीचं फडकं तिसऱ्यांदा सोडलं आणि तिसऱ्यांदा बांधलं. अंगणात पास्टर तात्याराव डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि त्यांच्यासमोर अर्पिताचा बाप परमेश्वर खाली मान घालून बसला होता. प्रार्थना चालू असताना मधूनच घरात कसं शिरायचं, म्हणून ती दारातल्या दगडावर अवघडून उभी राहिली.

"प्रभू, अर्पिता तुझी होती, तुझ्याकडं आली. यात तुझीच काही योजना आहे," पास्टर म्हणाले.

"आमेन," परमेश्वर म्हणाला.

चतुराबाईला आमेन म्हणवेना. आमेन म्हणजे 'असंच आहे', आणि असं नव्हतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

नववा दिवस होता. परभणीजवळच्या झरीच्या अलीकडं असलेल्या या गावात येशूला मानणारी अकरा घरं. एकाच्या घरी मरण आलं, की बाकीच्या दहांनी पाळीपाळीनं भाकरी पोचवायची, हा रिवाज. चतुराबाईची पाळी खरं तर उद्याची होती. ती तिनं आजच मागून घेतली, कारण आणखी एक दिवस काढायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

ऐन चैत्रात अवकाळी आभाळ भरून आलं आणि ओढ्याकाठच्या बाभळीवर वीज पडली. बाभळीखाली अर्पिता होती. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, आई कडूबाईऐवजी त्या दिवसापुरती शेळ्यांमागं गेलेली. चारी शेळ्या सुखरूप घरी आल्या. पोरीला येडबा धनगरानं खांद्यावर घालून आणलं. गावातले काही जण म्हणाले, देव बदलला की असंच व्हायचं. अकरा घरं म्हणाली, प्रभूची मर्जी. चतुराबाई दोन्हीकडचं ऐकायची आणि तिथून उठून जायची.

"मावशी, तुम्ही आलात ते बरं झालं," पास्टर उठत म्हणाले. "कडूबाई अजून तोंडातून शब्द काढत नाही. तुमच्यासारख्या प्रार्थना करणाऱ्या बाईनंच धीर द्यायचा."

"देते की," ती कशीबशी म्हणाली.

पास्टर गाडीला किक मारून निघून गेले. परमेश्वर मात्र तिथंच बसून राहिला. एरवी हा माणूस मोठा गमत्या. बाप्तिस्म्याच्या वेळी पास्टर म्हणाले, नाव बदलून घे; तर हा म्हणाला, "देवाचंच हाय की, आता बदलून कुनाचं घेऊ?" सगळी मंडळी पोट धरून हसली होती. आता त्याच्याकडं बघवत नव्हतं.

"मावशी, मला एकच कळंना," तो म्हणाला. "पोरीजवळ फोन होता. माझ्याकडं न्हाई, मान्य हाय, पन तिच्या आईकडं होता की. आभाळ आल्याव एक फोन का केला नसंल तिनं? 'झाडाखाली थांबू नगं, भिजत निघ', एवढं कडूनं सांगितलं असतं तरी लय होतं."

चतुराबाईनं भाकऱ्या छातीशी धरल्या.

"तिचा फोन जळून कोळसा झालाय, आन कडूचा त्याच दिवसापासून बंद पडलाय. कुनाला इचारू?" असं म्हणत तो उठला आणि शेळ्यांना पाणी दाखवायला मागच्या बाजूला गेला.

वीज पडली त्या दिवशी दुसरा शनिवार होता. दुसऱ्या शनिवारी प्रार्थनाघरात बायकांची उपास-प्रार्थना असते, आणि चतुराबाईचा तिथला कायदा कडक होता. एकदा ऐन प्रार्थनेत कुणाच्या तरी फोनवर सिनेमाचं गाणं वाजलं, तेव्हापासून सगळ्यांचे फोन आवाज बंद करून एका टोपल्यात, वर फडकं, आणि टोपलं चतुराबाईच्या गुडघ्यापाशी. त्या कायद्याचा तिला अभिमान होता, खोटं कशाला बोला! त्या शनिवारी प्रार्थनेचा विषय होता अर्पिताचाच. परभणीला नर्सिंगला तिचा नंबर लागावा म्हणून.

प्रार्थना रंगात आली असताना फडक्याखाली उजेड झाला. चतुराबाईनं एक डोळा उघडला. विरलेल्या फडक्यातून अर्पिताचा हसरा फोटो दिसला. फोन टोपल्याला घासून गुरगुरत होता, बायकांचं ध्यान मोडेल म्हणून तिनं वरून तळहात दाबून धरला. बाहेर गडगडलं तशी तिनं आवाज चढवला. हाताखाली फोन तीनदा थरथरला. ज्या पोरीसाठी ती देवाला हाका मारत होती, तीच पोर तिच्या हाताखालून हाका मारत होती.

आत कडूबाई भिंतीला टेकून बसली होती. चतुराबाई तिच्यापुढं टेकली. भाकरी बाजूला ठेवली.

"कडू, तुला एक सांगायचं हाय. सांगून झाल्याव मला हाकलून दे, तोंडावर थुक. मी काय म्हननार न्हाई."

कडूबाईनं मान वर केली.

"पोरीनं फोन केला होता, कडू. तुझा फोन टोपल्यात वाजायलता. मी तिचा फोटो बघितला, आन वरून हात ठिवला. तीनदा वाजला, तीनदा दाबला. सगळे देवाची मर्जी म्हनायलेत. मला ऐकवंना. इजेचं मला कळत न्हाई, पन पोरीची हाक मी दाबली. माझ्या हातानं झाल्यालं देवाच्या माथी कशाला मारायचं? आता तुझ्या नवऱ्याला सांगते, आन पुढल्या रविवारी मंडळीपुढं उभी राहून साक्ष देते."

ती वाट बघत राहिली. शिवी आली असती, चप्पल आली असती तर तिला बरं वाटलं असतं.

कडूबाई उठली. ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं आपला फोन काढला आणि पदरानं पुसला.

"तीन न्हाई, मावशी," ती म्हणाली. नऊ दिवसांनी आवाज फुटला, तो घोगरा होता. "पाच."

"पाच?"

"तुमी हात ठिवल्याला मी बघितला. माझा बी डोळा उघडा होता. मंग तुमी पुढं जाऊन गुडघे टेकले. टोपलं माझ्यापाशी राहिलं. तवा अजून दोनदा वाजला." तिनं फोन मुठीत आवळला. "मला वाटलं, शेळी कुनाच्या रानात घुसली आसंल. तिच्यासाठीच तर बसलोय, आर्ध्यातून उठले तर देव म्हनंल, हिलाच पोरीची फिकीर न्हाई. म्हनून डोळे मिटून घेतले मी. आईनं, मावशी. आईनं मिटले."

चतुराबाईनं तिला धरायला हात पुढं केला आणि मध्येच थांबवला. तोच हात होता.

"तुमी साक्ष दिली, की पोरीचा बाप हा फोन मागंल, आन पाच मोजंल. मला काय बोलनार न्हाई त्यो. बोलनार न्हाई, तेच मला लय भ्याव हाय." कडूबाई आता रडत होती, पण आवाज न करता. "देवावरच राहू द्या ना आळ. जगानं केल्यालं त्यानं आंगावर घेतलं, खिळे ठोकून घेतले, गप राहिला. त्याला पेलतंय. मला न्हाई पेलायचं."

नऊ दिवस चतुराबाई आपलं ओझं उतरवायला जागा शोधत होती. जागा सापडली, तर तिथं आधीच तिच्याहून मोठं ओझं पडलेलं. खरं बोलून ती मोकळी झाली असती, आणि ही बाई उरलेला जन्म नवऱ्याच्या डोळ्यांना डोळा देऊ शकली नसती.

मागचं दार वाजलं. परमेश्वर रिकामी बादली घेऊन आत आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"कडूचा आवाज आला," तो म्हणाला. "बोलली का ती? काय म्हनायली?"

कडूबाईनं फोन पदराआड घेतला. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, चतुराबाईकडं बघत होती.

चतुराबाईनं डोळे पुसले, आणि मग ती नीट त्याच्या तोंडाकडं बघून बोलली.

"देवाचीच मर्जी म्हनायची, परमेश्वरा. त्याच्यापुढं आमच्या हातात काय होतं?"