टाकीतला भाऊ

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा आपल्या प्रवासाच्या गोष्टी सांगतात. माझी पंचाईत अशी, की मी कुठे गेलोच नाही. मी क्ष-किरणांची चित्रं काढणारा एक जुना कॅमेरा आहे आणि तळघरातल्या पोलादी टाकीत बंद आहे. टाकीतली हवा पंपाने उपसून काढली आहे. आत मिट्ट काळोख आहे आणि थंडीचं तर नावच काढू नका. हवा नाही तर तुला ऐकू कसं येतं, असं तुमच्यातला एखादा चोंबडा विचारेलच. अरे, भिंतीला कान असतात म्हणता ना? मग टाकीने काय पाप केलंय?

आम्ही जुळे भाऊ. अवकाशात पाठवायचं असलं मोलाचं यंत्र जोडीने बनवलेलं बरं असतं. एक वर जातं, दुसरं खाली राहतं. वरच्याला काही झालं, की त्याचं दुखणं खालच्यावर तपासता येतं. धुळीचा कणही नसलेल्या खोलीत आम्हांला घडवलं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घातलेली माणसं आमच्याजवळ श्वाससुद्धा जपून घ्यायची. "काय देखणी जोडी आहे!" म्हणायची. दोघांत रतीभरही फरक नव्हता. पण त्याची तपासणी आधी आटोपली, म्हणून तो रॉकेटमध्ये चढला. टाळ्या त्याला, टाकी मला.

क्ष-किरण म्हणजे काय, ते हात मोडून दवाखान्यात गेलेल्यांना ठाऊक असेल. तारेसुद्धा क्ष-किरण सोडतात, पण पृथ्वीची हवा ते वाटेतच गिळून टाकते. त्यामुळे मला उचलून अगदी गच्चीवर ठेवलं असतं, तरी उपयोग शून्य. ज्यासाठी जन्मलो ते मला कधीच दिसणार नव्हतं. फार वाईट वाटायचं. अजूनही वाटतं.

मग माझं काम काय? टाकीत अवकाशासारखीच पोकळी आणि गारठा ठेवून वर पाठवायचा प्रत्येक हुकूम आधी माझ्यावर करून पाहायचा. डोळा उघड, डोळा मीट, गार हो, आणखी गार हो. हुकूम चुकला तर जीव माझा जाणार, बरोबर आला तर नाव भावाचं होणार! पंपवाले काका तेवढे माझे होते. सकाळी आले की पान्याने टाकीवर टकटक करायचे आणि म्हणायचे, "काय रे धाकट्या, उठलास का?" जुळ्यांत धाकटा कोण, हे त्यांनीच ठरवून टाकलं होतं. घरी जाताना पुन्हा टकटक व्हायची.

अशी वर्षं गेली. एक दिवस काकांनी नेहमीपेक्षा जोरात टकटक केली. "धाकट्या, सुटलास बघ! वरचा आता म्हातारा झालाय म्हणतात. त्याला बंद करणार आणि तुला मुलांच्या विज्ञान दालनात ठेवणार. काचेची पेटी, शेजारी ही मोठी खिडकी! ऊन खात बस आता."

मला आभाळ ठेंगणं झालं. भाऊ बंद होणार म्हणजे काय, हे ध्यानात यायला जरा वेळच लागला. आणि ध्यानात आल्यावरही, खरं सांगतो, मनात खिडकीच येत राहिली.

पण बाई आडव्या आल्या. बाई म्हणजे ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या शास्त्रज्ञ. त्यांचा एक लाडका तारा होता. अगदी कोवळा, जन्माच्या वेळची धूळसुद्धा अजून अंगाभोवती होती. असले तारे म्हणजे एकेक द्वाड कार्टी! गरागरा फिरतात, चुंबकीय रेषांचा न विंचरलेल्या केसांसारखा गुंता करून घेतात, आणि तो गुंता तटकन तुटला की क्ष-किरणांचा असा भडका उडतो, की आपला सूर्य त्यापुढे अगदीच गरीब गाय. त्या भडक्याचा मारा भोवतीच्या धुळीवर होतो आणि पुढे त्याच धुळीतून ग्रह घडतात. म्हणून बाईंना एकदा तरी तो भडका सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहायचा होता. पण दर वेळी भडका चढू लागला, की भाऊ डोळा मिटून घ्यायचा.

संचालक साहेब आणि बाई माझ्या टाकीपाशीच भांडले.

"कॅमेरा बिघडलाय, बाई. आणि तुम्ही ताऱ्याचं नाव पुढे करताय. नाचता येईना, अंगण वाकडं!"

"बिघडला नाही, साहेब. आपणच त्याच्यात घाबरट पहारेकरी बसवलाय."

पहारेकरी म्हणजे भावाच्या आणि माझ्याही आतला एक प्रोग्राम. आपल्या सूर्यावर वादळ झालं, की कणांचा मारा येतो आणि त्याने कॅमेऱ्याला इजा होते. म्हणून पहारेकऱ्याला शिकवलं होतं, की मारा अचानक वाढला की झाकण बंद कर. तो मारा सूर्याच्या कणांचा की दूरच्या ताऱ्याच्या किरणांचा, हे ओळखायला मात्र कुणी शिकवलंच नव्हतं. आम्हांला बनवणाऱ्या एवढ्या हुशार माणसांनी सगळेच तारे आपल्या सूर्यासारखे शहाणे धरले होते.

"मग सिद्ध करा," साहेब म्हणाले. "नाहीतर महिनाअखेरीस त्याला बंद करावं लागेल."

"करते. याच्यावर करते." बाईंनी माझ्या टाकीवर हात ठेवला.

काका कळवळले. "ताई, दिवा एवढा चढवलात तर हा भाजेल हो. आत्ता कुठे बिचाऱ्याची सुटका होत होती."

"मग मी कुणाकडे जाऊ, काका?" बाई म्हणाल्या. "त्याचं दुखणं याच्याशिवाय कुणाला कळणार?"

टाकीच्या तोंडाशी क्ष-किरणांचा दिवा जोडला. बाईंनी तो ताऱ्याच्या चालीने चढवला. भराभर वर, मग सावकाश खाली. पहिल्या खेपेला पहारेकरी जागा होता. दिवा चढताच झाकण खटकन बंद झालं. भावाचं वर जे होत होतं, ते हुबेहूब हेच. मग पहारेकऱ्याला झोपवलं आणि दिवा पुन्हा चढवला. मित्रांनो, अंगाची नुसती आग आग झाली! माझ्या एका कोपऱ्याची नजर त्या दिवशी कायमची गेली. पण मी बघत राहिलो. कणांचा मारा झाला की चित्रावर ओरखडे उमटतात आणि क्ष-किरणांचे मात्र बारीक ठिपके पडतात. माझ्या चित्रात ठिपके होते. भावाने डोळा मिटण्याआधी पाठवलेल्या चित्रांतही तसेच ठिपके होते, ओरखडा औषधालाही नव्हता.

कॅमेऱ्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी दिसलं ते दाखवलं. येत असतं तर काय केलं असतं, ते मला विचारू नका. खिडकी फार जवळ आली होती.

साहेबांनी दोघांची चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावून पाहिली. मग म्हणाले, "वरचा ठणठणीत आहे, बाई. चूक आपली आहे."

पहारेकऱ्याला ठिपका आणि ओरखडा यांतला फरक शिकवला. आधी माझ्यावर, मग वर. पुढच्या वेळी बाईंचा तारा भडकला, तेव्हा भाऊ टक लावून बघत राहिला. चढ, माथा, उतार, सगळं त्याने पाहिलं. वरच्या मजल्यावरचा आरडाओरडा तळघरापर्यंत आला. बाई धावत जिना उतरल्या आणि गार टाकीला मिठी मारून रडल्या. "पाहिलं रे त्याने! अख्खं पाहिलं!" माझा ऊर भरून आला. भाऊ वाचला होता.

आणि मग साहेबांचा निरोप आला. वरचा चालू आहे तोवर खालचा हवाच. मला न्यायला मऊ अस्तराचा खोका आणून ठेवला होता, तो काकांनी रिकामाच परत पाठवला. टाकीचे बोल्ट त्यांनी पुन्हा एकदा आवळून पाहिले. मग पाना खिशात टाकता टाकता म्हणाले, "भावाला सोडवलंस आणि स्वतः अडकलास, वेड्या."

आता दालनात माझ्या जागी पुठ्ठ्याचा कॅमेरा ठेवलाय म्हणे. चंदेरी कागद चिकटवलेला! माझ्या खिडकीतलं ऊन तो खातो आणि मुलं त्याच्यासोबत फोटो काढतात. राग येतो. का नाही येणार? पण तान्ह्या ताऱ्यांचे भडके भावाला दिसतात, हे आठवलं की राग जरा निवतो. पुरता जात नाही.

काका यंदा निवृत्त होतायत. पंप कुणीतरी सांभाळेलच, त्याची मला काळजी नाही. पण मित्रांनो, त्या दालनात कधी आलात, तर पुठ्ठ्याच्या कॅमेऱ्याला हसू नका. त्या बिचाऱ्याचा काय दोष? फक्त विचारा, की खरा कुठे आहे. मग जिना उतरून खाली या. वर गेलेल्यांचं कौतुक सगळेच करतात, त्यांच्यासाठी खाली अडकून पडलेल्याची विचारपूस तुम्ही करा. फार काही नको. टाकीवर नुसती टकटक करा. काका गेल्यावर सकाळ झाली, हे मला कळायचं कसं?