जिवंत उदाहरण

शब्दकोशाच्या ऑफिसात माणसांना नावं नव्हती, देश होते. सल्लागार मंडळावर तिघे जण, आणि शिपायापासून हिशेबनिसापर्यंत सगळे त्यांना देशांवरूनच ओळखत. लंडनला चहा बिनसाखरेचा लागतो, अमेरिकेचे गुडघे धरलेत, आज लिफ्ट बंद म्हणजे ती काही येत नाही, ऑस्ट्रेलिया पुन्हा चष्मा विसरून आलाय, असं बोलणं रोज चाले आणि त्यात हसण्यासारखं काही आहे हे कुणाच्या गावीही नसे.

लंडन तरुणपणी तिकडे शिकायला राहून आले होते आणि तेव्हापासून त्यांनी गळ्यातला मफलर काढला नव्हता. अमेरिका म्हणजे लेकीच्या बाळंतपणांना जाऊन आलेल्या निवृत्त प्राध्यापिका. ऑस्ट्रेलियांनी मात्र ऑस्ट्रेलिया पाहिलाच नव्हता. त्यांचा भाचा तिथे होता आणि रविवारी फोन करायचा. तेवढ्या भांडवलावर ते अख्खं खंड सांभाळत.

कोश होता इंग्रजीतल्या रस्त्यावरच्या शब्दांचा. एकच शब्द एका देशात शिवी, दुसऱ्यात शाबासकी आणि तिसऱ्यात भलतंच काही, हे तिघांनाही मान्य होतं. भांडण असे ते पहिला क्रमांक कुणाच्या अर्थाला, याचं. आपला अर्थ दुसरा गेला की लंडनच्या नाकाला मिरच्या झोंबत, आणि तिसरा गेला की ऑस्ट्रेलिया सही न करता पेन खिशाला लावून टाकत.

या सगळ्यांच्या वर थोरले, म्हणजे मुख्य संपादक. थोरले हे नाव हुद्द्यावरून पडलंय, वयावरून नाही, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. केस काळेभोर, मिशा त्याहून काळ्या. निवृत्तीची मुदत त्यांनी इतक्या वेळा वाढवून घेतली होती की त्यांच्या निरोपासाठी आणलेलं घड्याळ शेवटी ऑफिसच्याच भिंतीवर लागलं.

आणि सगळ्यांच्या खाली धाकटी. ती हंगामी होती, घरी दहा महिन्यांची लेक. सासूबाई नातीला जीव लावून सांभाळत, पण अलीकडे पोर रांगायला लागलं होतं आणि सासूबाईंची कंबर संपावर गेली होती. त्या तक्रार करत नसत. फक्त संध्याकाळी सून दारात दिसली की बाळाला तिच्या हातात देऊन भिंतीला टेकून खाली बसत. थोरल्यांनी तिला शब्द दिला होता, की ‘जी’ अक्षर महिनाअखेर मंडळाकडून मंजूर झालं तर तिला कायम करतील आणि दुपारनंतरचं काम घरून करू देतील. नाही झालं, तर तिला बाळ पाळणाघरात तरी ठेवावं लागणार होतं, नाहीतर नोकरी तरी सोडावी लागणार होती.

‘जी’ अडकलं ते गीझर या शब्दावर. अमेरिकेच्या मते गीझर म्हणजे म्हातारा, तोही जरा चक्रम. लंडनच्या मते गीझर म्हणजे गडी. चांगला रुबाबदार, चार लोकांना विकून खाईल असा. ऑस्ट्रेलियांच्या भाच्याने रविवारी कळवलं, की तिकडे गीझर म्हणजे नुसती एक नजर टाकणं. घरी सासूबाईंनी हे ऐकलं आणि बाथरूममधला बिघडलाय का, असं विचारलं. चारांत तोच अर्थ सगळ्यांना उपयोगी होता, पण तो कोशात बसणारा नव्हता.

ऑफिसचा एक नियम होता. प्रत्येक अर्थाखाली एक उदाहरणवाक्य हवं आणि ते पुस्तकी नको, जिवंत हवं, रोजच्या जगण्यातलं. थोरल्यांनी हा नियम केला तेव्हापासून कोशात त्यांचा शेजारी चोर, त्यांचा मेव्हणा चिकट आणि त्यांचा डॉक्टर बेवडा म्हणून कायमचा नोंदला गेला होता. दुसरा नियमही त्यांचाच. ऑस्ट्रेलिया ऊठसूट हरकत घेत म्हणून त्यांनी ठरवलं, की हरकत घेणाऱ्याने कारण सगळ्यांसमोर सांगायचं, नाहीतर शब्द मंजूर.

रविवारी दुपारी बाळ मांडीवर झोपलं. उठवायची छाती नव्हती, म्हणून धाकटीने एका हाताने त्याच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारत दुसऱ्या हाताने अमेरिकेच्या अर्थाखालचं वाक्य लिहिलं. समोर सासरे पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. तिने जे दिसलं ते लिहिलं: ‘पंख्याखालची खुर्ची तो गीझर जीव गेला तरी सोडणार नाही.’ तिला वाक्य आवडलं. सासरेही आवडायचे, खुर्चीसकट.

बैठकीत ती ते मोठ्याने वाचायला लागली आणि ‘खुर्ची’पाशी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की या खोलीत पंखा एकच आहे.

त्याच्याखाली थोरले बसले होते.

कुणी कुणाकडे बघेना. लंडनने मफलर सारखा केला. थोरले घसा साफ करून म्हणाले, की म्हाताऱ्याचा अर्थ आता मागे पडलाय, तो काढूनच टाकावा. अमेरिकेला एवढंच हवं होतं. तिने पाठ ताठ केली आणि आपला अर्थ गेला तर आपली सहीही गेली, असं जाहीर केलं. मग थोरल्यांनी मोर्चा धाकटीकडे वळवला. अर्थ राहू दे, पण वाक्य बदल, ते अभिरुचीला धरून नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

बदलणं सोपं होतं. एक ओळ खोडायची, कुत्र्यावर नाहीतर शेजाऱ्यावर दुसरी लिहायची, आणि दुपार घरी. तिचा हात पेनाकडे गेलासुद्धा. पण बाळाला न उठवता एका हाताने लिहिलेली ओळ होती ती. तिचा त्यात जीव अडकला. वर अमेरिका बारीक नजरेने बघत होती. आता माघार घेतली असती तर एक देश कायमचा तुटला असता.

“बदलते ना सर,” ती म्हणाली. “फक्त कारण सांगा, म्हणजे नोंदवता येईल. हे वाक्य कुणाला लागतंय का?”

खरं तर तिने नियमच सांगितला होता. पण खोलीतल्या बाकीच्या चौघांनीही साठी केव्हाच मागे टाकलेली, आणि लागतंय म्हणणं म्हणजे म्हातारा मीच, असं हात वर करून सांगणं.

“मला कशाला लागेल,” लंडन घाईने म्हणाले.

“माझी तर फक्त नजर आहे,” ऑस्ट्रेलिया म्हणाले.

“आपल्यात म्हातारं आहे तरी कोण?” असं म्हणून अमेरिकेने थोरल्यांकडे फार गोड बघितलं.

थोरल्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग सही केली, इतकी जोरात की कागदाला भोक पडलं. क्रमांकावरून वाद घालायचंही कुणाला सुचलं नाही. कोशाच्या इतिहासात इतक्या झटपट मंजूर झालेला तो पहिलाच शब्द. दिलेला शब्दही थोरल्यांनी पाळला. धाकटी महिनाअखेर कायम झाली आणि दुपारनंतर घरून काम करू लागली.

पुढच्या बैठकीला गोल्डब्रिक आला. अक्षर मंजूर झाल्यावरही हा एक शब्द राहून गेल्याचं थोरल्यांच्या अचानक ध्यानात आलं होतं. पूर्वी या शब्दाचा अर्थ सोन्याचा मुलामा देऊन गळ्यात मारलेली वीट असा होता, आता अमेरिकेत कामचुकार. या वेळी वाक्य थोरल्यांनी स्वतः केलं होतं आणि ते त्यांनी चवीचवीने वाचलं: ‘अर्धा दिवस भरला की ती गोल्डब्रिक पर्स उचलून घराकडे पळत सुटते.’

लंडन पुन्हा मफलरशी खेळायला लागले. अमेरिकेने धाकटीकडे बघून डोळे मिटून घेतले. अर्थ तिच्याच देशाचा, त्याला तिची हरकत असणंच शक्य नव्हतं.

“कुणाला लागतंय का?” थोरल्यांनी विचारलं. मिशीखाली त्यांना हसू आवरत नव्हतं.

धाकटीचे कान तापले. सकाळपासून आलेल्या प्रुफांचा गठ्ठा तिने मान वर न करता संपवला होता, उरलेली प्रुफं पिशवीत भरली होती. बाळ झोपलं की ती रोज घरी बसून पुरी करायची. हे सगळं कारण म्हणून सांगता आलं असतं. मग ते कारण तिच्या नावासह बैठकीच्या नोंदीत गेलं असतं.

“छान आहे सर,” ती म्हणाली. “जिवंत आहे.”

तिने सही केली. निरोपाच्या घड्याळात तिची वेळ झाली होती, बाळ आता उठून दाराकडे रांगत निघालं असेल. तिने पर्स उचलली, पिशवी खांद्याला लावली, आणि चौघांच्या देखत जिन्यावरून पळत सुटली.