बारा चित्रांतला भंडारा

या, असे अलीकडे सरका. टाळ-मृदंग आज नाही, पण गोष्ट अशी आहे की उभ्या कीर्तनात सांगितली तरी शोभेल. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका फोटो स्टुडिओत सुकन्या नावाची बाई काम करते, तिची ही गोष्ट. गेलेल्या एका माणसाचा हात तिनं पुसू दिला नाही, एवढंच घडलं. पण ऐका.

सकाळचे साडेदहा वाजलेले. अपेक्षा सुकन्याच्या खुर्चीमागं उभी होती आणि समोर स्क्रीनवरच्या फोटोतून म्हाताऱ्या बाळासोंचं धोतर गायब झालं होतं.

"बघ ना सुकन्याताई! सॉफ्टवेअरला म्हटलं बॅकग्राउंड काढ, तर त्यानं अख्खा माणूस खाल्ला. मिशा आणि दोन हात उरलेत नुसते!"

अपेक्षा जुळे सोलापूरची. फ्लॅटच्या एका खोलीत बसून मोबाइलवरचे गेम बनवते. तिच्या नव्या गेममध्ये खेळणाऱ्यानं मेंढरं माळावर न्यायची, लांडग्यापासून राखायची आणि सांजेला परत आणायची. शेवटचं मेंढरू वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत आलं की म्हातारा धनगर देवाच्या नावानं हळदीचा भंडारा उधळतो. डाव जिंकला! तो म्हातारा म्हणजे सांगोल्याकडचे बाळासो. अपेक्षानं त्यांच्या दारातच त्यांचे फोटो काढले होते, एका मुठीच्या उधळणीचे ओळीनं बारा. ते भराभर फिरवले की हात वर जातो, हळद पसरते. त्यांच्या मागचं तेवढं पारदर्शक करायचं, म्हणजे तिथं गेममधलं आभाळ दिसेल.

पण शहरातली पोर फोटो काढायला येणार म्हणून बाळासोंच्या बायकोनं, केराबाईंनी, भिंत झाकायला धुतलेली पांढरी चादर टांगली. अंगावर पांढरं, डोक्यावर पांढरं, मागंही पांढरं. परत जाऊन फोटो काढावेत, तर मागच्या महिन्यात बाळासो वारले.

"भंडारा तर बघवतच नाही," अपेक्षा म्हणाली. "हळदीत चादर मिसळलीय. गडद आभाळावर ठेवला की राख उडाल्यासारखी दिसते. मी तो हातच काढून टाकते. नुसते उभे राहू देत. चारला केराआजी येणारेत. त्या हो म्हणाल्या की आजच गेम ॲप स्टोअरला पाठवायचाय."

सुकन्यानं कानातलं कीर्तन बंद केलं. "नुसते उभे? डाव जिंकल्यावर काय टाटा करणार का आजोबा?"

"मग तू करून दाखव!"

"दाखवते की. चहा सांग आधी."

ही फुशारकी नव्हती. एकोणीस वर्षं तिनं हेच केलं होतं. लग्नाच्या घोळक्यातून गेलेल्या माणसाला एकट्याला अलगद बाहेर काढायचं, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, मागं निळा रंग भरायचा. पेठेतल्या कितीतरी भिंतींवर तिच्या हातची माणसं हार घालून बसली आहेत. पण ती माणसं स्थिर होती. हवेत उडालेली हळद कातरायची कुठून? तासभर झाला, चहा दोनदा झाला, कड काही सापडेना.

केराबाई चारला यायच्या, त्या साडेबारालाच आल्या. पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या आणि स्क्रीनकडं बघत राहिल्या.

"चादरीनं घोटाळा केला आजी," सुकन्या म्हणाली. "लईच पांढरी लावली तुम्ही."

"मंग? पावन्याम्होरं मळकी लावू व्हय? दोनदा नीळ घातली हुती तिला. ह्येंनी मातुर धोतार बदललं न्हाय. म्हनलं, नवं नेसा की. तर म्हनत्यात, नव्या धोतरात मेंढरं मला वळखायची न्हाईत."

सुकन्याचा माउसवरचा हात थांबला. "नीळ किती घातली होती, आजी?"

"पुडीभर! सासू आसती तर वराडली आसती."

आता गंमत अशी की, कॉम्प्युटरातलं चित्र तीन रंगांच्या थरांचं असतं: लाल, हिरवा, निळा. सुकन्यानं निळा थर तेवढा उघडला. नीळ प्यायलेली चादर त्यात लख्ख उजळली. वर्षानुवर्षांची धूळ मुरलेलं धोतर तिच्यापुढं करडं पडलं. आणि हळद? तिच्यात निळा जवळजवळ नाहीच, ती काळ्या धुरासारखी उठून दिसली. एकेक कण वेगळा!

सुकन्यानं काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं केलं आणि तो थर अल्फा चॅनेलमध्ये ठेवला. हा चौथा थर. त्याला रंग नसतो, कुठं किती दिसायचं एवढंच तो सांगतो. पांढरं तिथं पूर्ण दिसतं, काळं तिथं काहीच नाही, करडं तिथं अर्धंमुर्धं. विरळ हळद विरळच राहिली. खाली तिनं ताज्या हळदीचा पिवळा भरला, चादरीचा अंशही उरू दिला नाही. धोतराची कड मात्र तिनं हातानं आखली, निरी-निरीतून. एक चित्र झालं, दुसरं झालं. बारावं संपलं तेव्हा पावणेचार झाले होते.

अपेक्षानं चित्रं गेममध्ये चढवली आणि फोन केराबाईंच्या हातात दिला. जांभळ्या आभाळाखाली शेवटचं मेंढरू आत शिरलं. मूठ वर गेली, उघडली. हळद पसरत गेली आणि तिच्या आरपार एक चांदणी दिसली.

"ताई, तू डेंजर आहेस," अपेक्षा हळूच म्हणाली.

केराबाईंनी फोन डोळ्यांजवळ धरला. बाळासोंनी पुन्हा मूठ उघडली. पुन्हा. पुन्हा.

"किती येळ उधळत्यात?"

"आपण बंद करेपर्यंत, आजी. पाठवू का हा?"

"पाठव की. तेच हायेत." त्या फोनकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "पर आता जरा बसू दे त्यास्नी. दमलं आसत्याल."

कुठं दाबायचं ते सुकन्यानं दाखवलं. केराबाईंनी अंगठा टेकवला. काच काळी झाली. त्यांनी ती पदरानं पुसली, मग फोन परत दिला.

मंडळी, हा खेळ कधी कुणाच्या हातात दिसला, तर घटकाभर थांबा. शेवटचं मेंढरू आत येऊ द्या. मूठ वर जाईल, तेव्हा बाळासो नावाचा एक माणूस होता, एवढं मनात आणा.