साडेबारा टक्क्यांचा संप

ऑगस्ट २००९मध्ये पनवेलला कुणी नुसतं शिंकलं तरी रस्ता मोकळा व्हायचा. स्वाइन फ्लू! पुण्यात माणसं गेली, मुंबईत गेली, आणि इथे मेडिकलवाल्यांकडचे मास्क संपले म्हणून लोक रुमाल, ओढणी, जे हाताला लागेल ते तोंडाला बांधून फिरत होते. शाळा बंद, क्लास बंद, थिएटरं बंद. या सगळ्या बंदमध्ये एक बाई मात्र चालूच होती. एस.टी. स्टँडासमोर झेरॉक्सच्या दुकानावर तिची खोली होती, आणि त्या खोलीत ती सकाळपासून येरझाऱ्या घालत होती.

आशालता घरत तिचं नाव. वय पंचेचाळीस, जीभ तिखट, आणि बुड कधी खुर्चीला टेकायचं नाही. धंदा वेबसाइटचा. आता तुम्ही म्हणाल, त्यात येरझाऱ्या घालण्यासारखं काय? तर ऐका. इंटरनेटवर तुमच्या दुकानाचं जे नाव असतं त्याला डोमेन म्हणतात. ते कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्यानं मिळतं. भाडं चुकलं की नाव बंद, साइट बंद, त्या नावावरची ईमेलही बंद. आशालता मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून अशी नावं घ्यायची आणि गावातल्या चाळीसेक लोकांना द्यायची. त्यातल्या निम्म्यांची तारीख नेमकी ऑगस्टमध्ये आली होती.

"मॅडम, पक्षी बघायला चिटपाखरू येत नाय, आणि तुम्ही भाडं काय मागताय?" कर्नाळ्याच्या पायथ्याशी पिकनिकचं रिसॉर्ट चालवणारा कमळाकर फोनवर रडला. मंगल कार्यालयवाल्या हरेशनं तर सुरुवातच शिव्यांनी केली. लोक साखरपुडे पुढे ढकलत होते.

आशालताला राग आला, पण यांचा नाही, कंपनीचा. कंपनी रोज सकाळी स्मरणपत्र पाठवत होती. "अरे, माणसं मरतायत आणि यांना स्मरणपत्रं सुचतायत! लाज कशी वाटत नाही मेल्यांना?" ती भिंतीला म्हणाली, आणि तिथल्या तिथे पत्र लिहायला बसली. साथ आहे, धंदे बसलेत, तेव्हा सर्व ग्राहकांना साडेबारा टक्के सवलत द्यावी.

साडेबाराच का? त्याचं असं आहे, ती मूळची जासईची. नव्या मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना भांडून भांडून अखेर साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळाली. या पट्ट्यात पोरांना पाढ्यांच्या आधी तो आकडा येतो. तिचे बाबा त्या आंदोलनात होते. लाठी खाऊन आले होते, आणि जेवताना एकच वाक्य परत परत सांगायचे: जो आधी उठला तो हरला. आशालतानं ते वाक्य वारशात घेतलं. बाकी वारसा भावांनी घेतला.

म्हणून पत्राखाली तिनं दम भरला की सवलत मिळेपर्यंत आमच्यापैकी एकही जण भाडं भरणार नाही. एकेकाला फोन करून शपथा घेतल्या. कमळाकर म्हणाला, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." हरेश म्हणाला, "एकदम कडक!" संप सुरू झाला. फक्त समोर गेट नव्हतं, साहेब नव्हता, घोषणा ऐकायला कुणी नव्हतं. समोर होतं एक मशीन, आणि त्याला तारीख तेवढी कळत होती. हे तिच्या ध्यानात यायला हवं होतं. धंदा तिचा होता, माझा नव्हे.

त्या दिवसांत सोनाबाई आली.

सोनाबाई उरणजवळच्या करंज्याची कोळीण. साठीची. सुकट, बोंबील, जवळा घेऊन पनवेलच्या बाजारात बसायची. तिच्या धंद्याचीही वेबसाइट होती, हसू नका, आणि ती तिच्या पोरानं, जीवननं, स्वतः बनवली होती. मग बाप वारला, आणि जीवननं घरची बोट विकली, जहाजावरच्या नोकरीचं शिक्षण घेतलं आणि निघाला. सोनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "तुजा आवाजसुद्दा नाय आयकायचा मना." पोरगाही आईवरच गेलेला. त्यानं खरंच कधी फोन केला नाही. जाताना मात्र त्या वेबसाइटवर आईच्या नावाची एक ईमेल करून गेला आणि आशालताला सांगून गेला, "मी हितंच लिवीन. दुसरा पत्ता मना नको."

पोचल्यावर त्याची एक ओळ आली: पोचलो. त्याला आता दोन वर्षं झाली होती. आशालता मागे लागली, तरी सोनाबाईनं उत्तर दिलं नाही. "बोट इकून गेला तो. आदी त्यानं नीट लिवावं, मंग मी बगीन." पण दर महिन्याला बाजार आटोपला की जिना चढून यायची, दारातच टोपली उतरवायची आणि विचारायची, "आयलंय का काय?" आशालता तिच्या ईमेलचा डबा उघडून बघायची. "नाही आलं, मावशी." सोनाबाई मान हलवायची आणि उरणची एस.टी. पकडायची.

या वेळी ती पैसे घेऊनच आली होती. पदराला गाठ मारलेली. "यंदाचं भरून टाक बाय. येकवीस तारीक हाय ना?"

"थांबा मावशी. घाई नको. आपण सवलत मागितलीय. सगळे थांबलेत, तुम्हीही थांबा."

"नाव बंद तर नाय ना परनार?"

"मी आहे ना!" आशालता म्हणाली.

सोनाबाईनं गाठ परत मारली. जासईच्या माणसाची पोर म्हणतेय, म्हणजे बरोबरच असणार.

एकवीस तारीख आली आणि गेली. कंपनीकडून पत्राला एकच उत्तर आलं होतं, तेही मशीनचं: आपली विनंती आम्हाला महत्त्वाची वाटते. आशालतानं फोन लावला. रिया नावाची एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमची तक्रार मी वर पाठवलीय."

"वर म्हणजे कुठे? देवाकडे?"

"मॅडम, प्लीज होल्ड करा." आणि बासरी वाजू लागली. पावणेअकरा मिनिटं बासरी! आशालतानं फोन टेबलावर ठेवून दिला आणि तिच्या तालावर खोलीभर फिरत राहिली.

गणपती बसले, गणपती गेले. संप चालू. मध्ये एकदा तिनं सोनाबाईची साइट उघडून पाहिली. बोंबलांच्या फोटोच्या जागी कंपनीची जाहिरात होती. झुकतील, उद्या परवा झुकतील, तिनं स्वतःला समजावलं. आता माघार घेतली तर सगळंच पाण्यात. जो आधी उठला तो हरला.

सप्टेंबरच्या तीन तारखेला जिन्यावर पावलं वाजली. टोपली दारात उतरली. "आयलंय का काय?"

आशालतानं डबा उघडला. रिकामा होता. रिकामाच असणार, तेरा दिवस त्यात काही पडूच शकत नव्हतं. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "नाही आलं, मावशी."

सोनाबाईनं मान हलवली आणि गेली. त्यानंतर आशालताला जेवण जाईना. चहा करायची आणि विसरायची. खिडकीत जायची, परत यायची, उगाच फायली लावायची. खोटं बोललो का आपण? नाही आलं हे तर खरंच होतं. मग छातीत दगड का?

पाच दिवसांनी कमळाकरचा फोन आला, भलत्याच कामाचा. साइटवर नवे फोटो टाकायचे होते. "अरे पण तुझी साइट चालू कशी?" आशालतानं विचारलं.

पलीकडे खाकरणं. "मॅडम, मी ते... तुम्हाला शब्द दिला त्याच दिवशी दुसरीकडून भरलं. नाव गेलं तर काय करायचं? हरेशनं पण भरलं. खरं तर सगळ्यांनीच. तुम्हाला वाईट वाटंल म्हणून कोण बोललं नाय."

"सगळ्यांनी?"

"सोनाबाय सोडून. बाजारात भेटली तेव्हा ती म्हनली, आशानं थांबायला सांगितलंय."

आशालतानं फोन ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीवर बसली. वा रे संप! वा रे पुढारी! सगळे दिवे लावून मोकळे, आणि अंधारात बसली ती एकटी म्हातारी, कारण तिनं विश्वास ठेवला होता. त्या मिनिटाला तिनं स्वतःच्या खिशातून भाडं भरलं, वरचा दंड भरला, सवलत गेली खड्ड्यात. संध्याकाळपर्यंत बोंबलांचा फोटो परत दिसू लागला. पण मधले अठरा दिवस कुठून आणायचे? त्या दिवसांत काही आलं असेल तर ते आलं तसं परत फिरलं असेल. आणि पोरगा काय समजला असेल? आईनं दार लावून घेतलं!

तिला महिनाभर थांबवेना. दुसऱ्याच दिवशी बाजारात जाऊन तिनं सोनाबाईला टोपलीसकट वर आणलं, खुर्चीवर बसवलं, आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. संप, तारीख, बंद डबा, सगळं. "मी खोटं बोलले, मावशी. नाही आलं म्हणाले, पण मला ठाऊकच नव्हतं. डबाच बंद होता. चूक माझी. काय बोलायचं ते बोला."

सोनाबाईनं टोपली जवळ ओढली. आता ही टोपली डोक्यात घालणार, आशालताला वाटलं, आणि घातली तर बरंच.

"म्हंजी," सोनाबाई सावकाश म्हणाली, "या अटरा दिसांत त्याचं पत्र आयलं असंल."

"मावशी, तसं सांगता नाही..."

"फ्लूचं आयकलं असंल त्यानं. पनवेलचं नाव टीव्हीवं आयलं असंल. आय मेली का जगली, ईचारलं असंल ना? आयलंच असंल!" म्हातारीचा चेहरा उजळला होता. आशालताला ते बघवेना. आपल्या चुकीवर ही बाई घर बांधतेय, आणि पायाखाली काहीच नाही.

"लिव," सोनाबाई म्हणाली.

"काय?"

"त्याला लिव. दोन वर्सं तू मागं लागलीस ना? लिव आता. मी आदी नाय लिवत, मी जवाब देतंय. जीवन, तुजं पत्र आयलं तवा आमचा डबा बंद व्हता. वाचता नाय आयलं. काय लिवलं व्हतंस ते परत लिव. मी बरी हाय, फ्लू नाय झाला." मग तिनं पदराची गाठ सोडली, परत बांधली. "आनि लिव, बोटीचं मी कवाच सोरलंय."

आशालतानं शब्दन् शब्द तसाच टाइप केला. जुन्या 'पोचलो'च्या पत्त्यावर तिनं पत्र धाडलं. जहाज कुठल्या समुद्रात, तो पत्ता चालू की बंद, देवाला ठाऊक.

दोघी पडद्याकडे बघत बसल्या. दहा मिनिटांत टिंग झालं. सोनाबाई ताडकन उठली. "आयलं?"

आशालतानं वाचलं. तिच्या स्वतःच्या डब्यात कंपनीची ईमेल आली होती. आपल्या विनंतीचा सहानुभूतीनं विचार करून दहा टक्के सवलत देत आहोत, फक्त नव्या नावांसाठी.

"कंपनीचं आहे, मावशी. सवलत दिली."

"जल्ली ती सवलत! पोऱ्याचं बग."

पोऱ्याचं त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोनाबाईनं बाजार सोडला नाही, पण दर तासाला कुणावर तरी टोपली सोपवून जिना चढायची, आणि दर वेळी आशालता वरून आधीच मान हलवायची. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र मान हलली नाही.

"बसा मावशी," ती म्हणाली. स्वतः उभीच राहिली.

पत्र लहान होतं. पहिली ओळ तिनं आधी मनात वाचली. ती ओळ गाळता आली असती. सोनाबाईला अक्षर येत नव्हतं, गाळली तर कुणाला कळणार होतं? पण एकदा 'नाही आलं' म्हणून झालं होतं, आणि त्या दोन शब्दांनी पाच दिवस तिला जेवू दिलं नव्हतं. तिनं मोठ्यानं वाचलं.

"आये, मी पत्र लिवलंच नव्हतं."

खाली स्टँडावर कुठलीशी एस.टी. रिव्हर्स घेत होती. कंडक्टरची शिट्टी वाजत राहिली. आशालताची मान वर होईना.

"ते मना ठाव हाय," सोनाबाई म्हणाली. "पुरं वाच."